काळं काळंच दिसावं म्हणून: सोसायटीच्या हॉलमध्ये 'ट्रॉन' दाखवताना

शनिवार, २० डिसेंबर २०२५ रोजी संध्याकाळी सात वाजता नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'ट्रॉन' हा १९८२ सालचा, कम्प्युटरच्या आतल्या जगात घडणारा इंग्रजी चित्रपट दाखवला. ६२ माणसं होती. पहिला अर्ज दिल्यापासून पडदा उजळेपर्यंत ५४ दिवस गेले आणि त्यातले तीस नुसते उत्तराची वाट पाहण्यात. असं काही करायचं म्हटलं की सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवत आहोत.

निमित्त मुलांचं. ऑक्टोबरमध्ये या मालिकेचा तिसरा भाग थिएटरला लागला. दिवाळीच्या सुट्टीत तो पाहून आलेल्या मुलांना पहिल्या भागाचा नायक फ्लिन कोण, आणि तो कम्प्युटरच्या आत गेला कसा, हे काही उमगलं नव्हतं. पहिला भाग लॅपटॉपवर लावून दिला तर वीस मिनिटांत उठून गेली. दोष चित्रपटाचाही नाही आणि मुलांचाही नाही. या चित्रपटाचं अर्ध्याहून जास्त जग म्हणजे काळ्यावर काढलेल्या उजेडाच्या रेघा. दिवसाउजेडी, खिडकीचं प्रतिबिंब पडलेल्या स्क्रीनवर काळ्याचं करडं होतं आणि रेघा नुसत्या रंगवल्यासारख्या दिसतात. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीसाठी होती: काळं काळंच दिसलं पाहिजे.

सोमवार, २७ ऑक्टोबरला व्यवस्थापन समितीकडे अर्ज दिला. अर्जात तारीख, वेळ, अंदाजे प्रेक्षक, खर्च, खर्च कशातून करायचा आणि हॉल किती तास बंद राहणार, एवढं असलं की पुरतं. २ नोव्हेंबरच्या रविवारच्या बैठकीत तो आला. गणेशोत्सवाची शिल्लक इंग्रजी सिनेमावर का घालवायची, असा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. उत्तर एवढंच दिलं की तिकीट नाही, सोसायटीतल्या सगळ्यांना प्रवेश आहे आणि हॉल अंधारा करायला आणलेलं कापड पुढच्या वर्षी गणपतीच्या देखाव्याला कामी येईल. वीस हजारांच्या मर्यादेत ठराव झाला. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. पुढे ती तीन ठिकाणी लागते.

आता परवानगी. सोसायटीतल्या एकांकडे ब्लू-रे डिस्क होती, प्लेअरही होता. पण डिस्कच्या वेष्टनावर स्पष्ट छापलेलं असतं की ती घरगुती वापरासाठी आहे. तिकीट नाही म्हणून सार्वजनिक प्रदर्शन घरगुती होत नाही. म्हणून हक्कधारकांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेला ३ नोव्हेंबरला ईमेल केला. १२ तारखेला दोन पानी फॉर्म आला. त्यात विचारलेलं: चित्रपटाचं नाव आणि साल, जागेचा पत्ता, आसनसंख्या, प्रयोग किती, तिकीट की विनामूल्य, जाहिरात कुठे करणार, आयोजक संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पॅन.

सालाची जागा रिकामी ठेवू नका, कारण याच नावाचे पुढचे भाग २०१० आणि २०२५ मध्ये आलेले आहेत. आमचा फॉर्म मात्र वेगळ्याच कारणाने परत आला. लेटरहेडवर 'को-ऑप. हौ. सो.' होतं आणि पॅनवर पूर्ण नाव. १४ नोव्हेंबरला पॅनवरच्या नावाप्रमाणे पुन्हा भरून पाठवला. २८ तारखेला बिल आलं: १०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. हा आकडा आमच्या जागेचा आणि आमच्या आसनसंख्येचा आहे; तुमचा वेगळा येईल. २ डिसेंबरला पैसे भरले, ९ डिसेंबरला पत्र हातात आलं. परवानगी म्हणजे फक्त दाखवण्याचा हक्क. प्रत आपली आपणच आणायची, हेही त्यात लिहिलेलं होतं. पत्रावर एकच तारीख असते. ती पुढे ढकलायची तर पुन्हा पत्रव्यवहार आला, म्हणून वीज कंपनीच्या देखभालीचं वेळापत्रक आणि मुलांच्या परीक्षा आधीच बघून घ्या.

पोलीस ठाण्यात माहितीचं साधं पत्र दिलं: बंद हॉल, बाहेर ध्वनिक्षेपक नाही, नऊच्या आत समाप्ती. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दहा मिनिटांचं काम.

डिसेंबर निवडण्याचं कारण अंधार. या दिवसांत नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहा-पावणेसातला बाहेर पुरतं काळोखतं. मे महिन्यात हाच प्रयोग आठच्या आधी सुरू करता आला नसता. अमावास्याही नुकतीच सरली होती. पण चंद्राचा त्रास नव्हताच, त्रास होता पश्चिमेच्या खिडक्यांसमोरच्या रस्त्यावरच्या दिव्याचा.

हॉल २८ फूट लांब, १८ फूट रुंद, ९ फूट उंच. सहा खिडक्या, वर चार झरोके, दाराला काच. शनिवार, १३ डिसेंबरला प्रोजेक्टर भाड्याने आणून रंगीत तालीम केली आणि ती फसली. खिडक्यांना फक्त काळं केसमेंट लावलं होतं. एकपदरी कापडातून दिव्याचा पिवळा उजेड सरळ आत येत होता. आतून आधी फ्रिज-वॉशिंग मशीनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून बसवले, कडांना रुंद टेप लावली आणि मग वरून कापड टाकलं, तेव्हा खिडकी मेली. झरोक्यांना दुपदरी काळा चार्ट पेपर.

तरीही पडद्यावर काळं करडंच. कारण ध्यानात यायला अर्धा तास गेला. उजेड आता बाहेरून येत नव्हता, पडद्याचाच होता. पडद्यावरून परतलेला प्रकाश पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळ्या भागावर साय धरल्यासारखा पसरतो. उपाय म्हणून पडद्यालगतचं सहा फुटांचं छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचे पहिले सहा फूट काळ्या कापडाने झाकले. ५४ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर छताला सहा-सहा फुटांच्या चार पट्ट्या, भिंतींना प्रत्येकी दोन, दाराला दोन पदरी पडदा. उरलेल्यासकट २२ मीटर लागलं. मेनरोडला ७० रुपये मीटरने मिळालं, १,५४० रुपये. चकाकी असलेलं साटीन घेऊ नका, ते उजेड परत फेकतं. छताचं कापड पंख्यांच्या हुकांमधून ताणलेल्या दोरीवर टाकलं. पंखे अर्थातच बंद, आणि त्या स्विचवर चिकटपट्टी, नाहीतर कोणीतरी सवयीने चालू करतं.

मग बारीक बारीक उजेड. सगळे दिवे घालवून पाच मिनिटं नुसतं बसा, मग ते दिसायला लागतात: स्विचबोर्डावरचे लाल ठिपके, पाण्याच्या फिल्टरचा निळा दिवा, सीसीटीव्ही कॅमेऱ्याभोवतीचे मंद लाल कण, ॲम्प्लिफायरची हिरवी पट्टी. एकेक शोधून इन्सुलेशन टेपचा तुकडा लावला. सगळे मिळून अकरा निघाले. दाराला मात्र कडी लावली नाही, आणि दाराशी टॉर्च घेऊन एक जण बसवला. वाट मोकळी ठेवणं अंधारापेक्षा महत्त्वाचं.

प्रोजेक्टर घेताना दुकानदार आधी ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, सांगतात. आठ फुटी चित्राला बंद हॉलमध्ये ३,५०० ल्युमेन जास्तच होतात, आणि जास्त उजेड म्हणजे काळंही वर उचललं जातं. म्हणून कमी उजेडाच्या इको मोडवर चालवला. रंगांचा 'डायनॅमिक' मोड काढून 'सिनेमा' केला. एकाच चिपचा डीएलपी (रंग एकामागून एक टाकणारा) प्रोजेक्टर असेल तर काळ्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या कडेला काही जणांना इंद्रधनुष्य चमकून गेल्यासारखं दिसतं, आणि या चित्रपटात तशा रेघा जागोजागी आहेत. म्हणून तिन्ही रंग एकदम टाकणारा थ्रीएलसीडी मागून घेतला. दोन संध्याकाळचं भाडं ३,५००.

अंतराचं गणित सोपं आहे. आमच्या लेन्सचं प्रमाण दीडास एक होतं, म्हणजे आठ फूट रुंद चित्राला बारा फूट अंतर. प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मध्यावर आणि काटकोनात ठेवा. वेडावाकडा ठेवून कीस्टोनने, म्हणजे मेनूतल्या सोयीने, चित्र सरळ करायची सवय सगळ्यांना असते. एरवी ते खपून जातं, इथे नाही, कारण या जगाची जमीनच सरळ रेघांच्या चौकटींची आहे. कीस्टोन लावलं की त्या रेघांना बारीक पायऱ्या पडतात. चित्रपटातली प्रकाशाच्या दुचाकींची शर्यत लावून जमिनीच्या रेघा बघा. तिथे पायरी दिसली तर मेनूला हात न लावता टेबलच सरकवा.

'ट्रॉन'ची चौकट २.२० ला १ अशी आहे, प्रोजेक्टरची १६ ला ९. आठ फूट म्हणजे ९६ इंच रुंदीला प्रोजेक्टर ५४ इंच उंची देतो, चित्र मात्र साधारण ४३.५ इंच भरतं. वर-खाली सव्वापाच इंचांच्या पट्ट्या उरतात आणि त्या खऱ्या काळ्या नसतात, राखाडी असतात. उरलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या पिनांनी बरोबर त्यांच्यावर बसवल्या. सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम हे. पट्टी लागली त्या क्षणी चित्राला कड आली.

एक सेटिंग न विसरता बघा. प्लेअर काळं १६ आकड्यापासून मोजतो की शून्यापासून, आणि प्रोजेक्टर काय समजतो, हे जुळलं पाहिजे. मेनूत एचडीएमआयची व्हिडिओ रेंज 'ऑटो'वर असते आणि कधी कधी चुकते. चुकली की एकतर सगळं धुरकट दिसतं, नाहीतर अंधारातले तपशील गडप होतात. 'नॉर्मल' आणि 'एक्स्पांडेड' दोन्ही लावून डोळ्यांनीच ठरवा.

जोडणीत आमची चूक अशी झाली की तालमीच्या दिवशी प्लेअर पडद्याजवळ ठेवला आणि पंधरा मीटरची साधी एचडीएमआय केबल ओढली. दर दोन-तीन मिनिटांनी चित्र जायचं. तेवढ्या लांबीला साध्या तारेत सिग्नल क्षीण होतो आणि कॉपी-संरक्षणाची देवाणघेवाण तुटली की पडदाच काळा होतो. महाग केबल विकत घेण्यापेक्षा प्लेअर उचलून प्रोजेक्टरशेजारी आणला. दीड मीटरची केबल पुरली, लांब तार फक्त आवाजाची. प्लेअरला वेगळं ऑडिओ आउटपुट नव्हतं, म्हणून एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा १,४०० रुपयांचा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर घेतला. तो लावूनही आवाज येईना, कारण प्लेअर सराउंडचा मूळ सांकेतिक प्रवाह पाठवत होता. ऑडिओ सेटिंग 'पीसीएम', म्हणजे साधा उलगडलेला आवाज, केल्यावर आला. मग स्पीकरमध्ये घरघर. प्रोजेक्टर एका भिंतीच्या बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या, त्यामुळे अर्थिंगमध्ये फरक पडतो. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि घरघर थांबली. हॉलचा घुमारा मारायला जमिनीवर सतरंज्या आणि मागच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या केल्या. वेंडी कार्लोस यांच्या संगीतात सिंथेसायझर आणि मोठा वाद्यवृंद एकमेकांत मिसळलेला आहे. घुमणाऱ्या हॉलमध्ये त्याचा चिखल होतो.

आता बघणाऱ्यांची तयारी. चित्रपट इंग्रजी, उपशीर्षकंही इंग्रजी. मराठीत एक पान छापून वाटलं, अक्षर १६ पॉइंट. संपूर्ण गोष्ट सांगितली नाही, फक्त नाती दिली. फ्लिनने लिहिलेले गेम डिलिंजरने चोरले आणि कंपनीत वर चढला. फ्लिन पुरावा शोधायला जातो आणि लेझरने त्यालाच कम्प्युटरच्या आत ओढलं जातं. आत जे प्रोग्राम आहेत त्यांचे चेहरे त्यांना लिहिणाऱ्यांचे: ॲलनचा ट्रॉन, लोराची योरी, डॉ. गिब्जचा ड्युमाँट, डिलिंजरचा सार्क. म्हणजे तेच नट दोनदा दिसतात, आणि हे आधी कळलं नाही तर गोंधळ उडतो. 'युजर' हा शब्द समजावताना देव आणि भक्त हाच दाखला कामाला आला. प्रोग्रामांची युजरवर श्रद्धा आहे, आतल्या जगावर सत्ता गाजवणाऱ्या मास्टर कंट्रोल या प्रोग्रामला ती मोडून काढायची आहे, आणि मनोऱ्याचा राखणदार ड्युमाँट हा पुजाऱ्याच्या जागी. ज्येष्ठ मंडळींना एवढ्यावर सगळं उलगडलं.

सुरुवातीचा अर्धा तास बहुतेक ऑफिसात आणि गेम पार्लरमध्ये जातो, तेव्हा 'धीर धरा' असं पानावर ठळक छापा. मध्यंतर ठेवलं नाही. चित्रपट ९६ मिनिटांचाच आहे, आणि डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्येच ट्यूबलाइट लावली की ते सगळं वाया. चहा शेवटी.

सुरू होण्याआधी दहा मिनिटं एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे हा उजेड केला कसा. पूर्णपणे कम्प्युटरने काढलेली दृश्यं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची आहेत: दुचाकी, रणगाडे, उडती यानं. तेव्हा वस्तू हलवायची म्हणजे तिची जागा तीन आकड्यांनी आणि कल तीन आकड्यांनी सांगायचा, प्रत्येक चौकटीला. एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे एका वस्तूच्या एका सेकंदाला १४४ आकडे. बाकी जे माणसांच्या अंगावर चमकतं, ते कम्प्युटरचं नाहीच. नटांना काळ्या रेघांचे पांढरे पोशाख घालून काळ्या सेटवर, ६५ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर चित्रित केलं. मग प्रत्येक चौकट साधारण साडेबारा बाय वीस इंचांच्या कोडालिथ शीटवर (गडद काळं-पांढरं उमटवणारी पारदर्शक फिल्म) मोठी केली, कुठे उजेड यायचा आणि कुठे नाही याचे मुखवटे बनवले, आणि मागून दिवा, पुढे रंगीत काच, असा एकेका रंगाचा वेगळा एक्स्पोजर त्याच चौकटीवर दिला. रेघेभोवतीचं वलय रंगवलेलं नाही. तो मागून आलेला खरा प्रकाश आहे, लेन्समध्ये शिरताना पसरलेला.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपून फिल्म केली होती. त्यांच्या जिल्ह्यात या चित्रपटाचं हे काम मुद्दाम सांगावंसं वाटलं: एक चौकट, मग पुढची चौकट, हातांनी. ऑस्करला याला वेशभूषा आणि ध्वनी यांसाठी नामांकन मिळालं, दृश्य परिणामांसाठी नाही. हे सांगितल्यावर हॉलमधून नाराजीचा जो सूर आला तो सगळ्या वयांचा होता.

उजेड मध्ये मध्ये लुकलुकेल हे आधीच सांगितलं होतं, तरी फ्लिन कम्प्युटरच्या आत गेल्यावर काही वेळातच पहिल्या रांगेतून कुजबुज आली. "काका, वायर हललीये का? त्याच्या अंगावरचा उजेड लुकलुकतोय."

"वायर नाही गं, फिल्मच तशी आहे."

कोडालिथच्या खोक्यांतल्या शीट उत्पादनाच्या क्रमाने वापरल्या गेल्या नाहीत, प्रत्येक तुकडीची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता किंचित वेगळी होती, म्हणून चौकटीगणिक उजेड कमी-जास्त होतो. ते लक्षात आल्यावर त्या लुकलुकण्याला जोडून आवाज घातले गेले. त्यामुळे ते त्या जगाचंच वाटतं. तेव्हा चित्रपट चालू असताना कोणी तारा हलवू नका.

बाकी प्रयोग सुरळीत पार पडला. एक यूपीएस ठेवला होता, लागला नाही. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर आतला पंखा बंद पडून दिवा तापतो, म्हणून तो ठेवाच. शेवटचे दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं थांबलो. एवढ्या अंधारातून एकदम उजेडात कोणाला आणू नये. थंडी होती, शाली आणायला सांगितलं होतं ते बरं झालं.

एकूण खर्च: परवानगी ११,८००, प्रोजेक्टर ३,५००, कापड १,५४०, एक्स्ट्रॅक्टर १,४००, टेप-चार्ट-छपाई ३४०, चहा-बिस्किटं १,१५०. बेरीज १९,७३०. पुठ्ठे, पडदा, स्पीकर, सतरंज्या सोसायटीतल्याच.

प्रयोगानंतर सात दिवसांत प्रत्यक्ष प्रेक्षकसंख्या कळवायची अट परवानगीपत्रात होती. सोमवारी, २२ तारखेला कळवली आणि पोच छापून फाइलला लावली. रविवारी सकाळी पुठ्ठे उतरवले. काचांवर टेपचा चिकटा राहिला होता. खोबरेल तेलाचा बोळा दहा मिनिटं दाबून धरला आणि मग साबणाच्या पाण्याने पुसलं की निघतो. सोमवारी सकाळी सहाच्या योगवर्गाला हॉल नेहमीसारखा उजेडात मोकळा होता, फक्त सीसीटीव्हीवरचा टेपचा तुकडा काढायचा राहिला होता, तो वॉचमनकाकांनी काढला.